डावीकडची सीट

१

प्रताप नगरातल्या भोयरांच्या घरी सकाळचा चहा झाला की मोनाली मागच्या खोलीत शिरायची आणि दार ओढून घ्यायची. खोलीत एक लोखंडी चौकट होती, चौकटीत भंगारातून आणलेली खऱ्या गाडीची सीट. समोर स्टिअरिंग, पायाशी पेडल. हे सगळं खरं, रस्ता तेवढा पडद्यावर. एक स्क्रीन समोर, एक डावीकडे, एक उजवीकडे. कंबरेचा पट्टा आवळून, कानांवर हेडफोन चढवून ती ऑफिसची वेळ होईपर्यंत गाडी हाणायची. मग आंघोळ करून, डबा घेऊन, आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढायला जायची.

तिचे वडील आनंदराव भिवापूरच्या शाळेत जन्मभर खेळ शिकवून निवृत्त झालेले. कबड्डीच्या किती पोरांना त्यांनी जिल्ह्याच्या मैदानापर्यंत नेलं असेल. पोरीचं हे नवं वेड त्यांना आधी पटलं नव्हतं.

"खुर्चीत बसून कोणता खेळ होते वं?" ते विचारायचे.

एकदा ते दाराशी उभे राहून सगळा सराव बघत राहिले. मोनाली सीटमधून उठली तेव्हा तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता. आनंदराव आत जाऊन लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी घेऊन आले. आपल्या कबड्डीच्या पोरांना द्यायचे तसं. त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, "आमची मोना रेसिंग करते. जगातल्या लोकांसंग."

आणि यंदा सांगण्यासारखं खरोखरच काहीतरी होतं.

युरोपात पूर्वी सां-मोरेल नावाच्या गावाभोवतीच्या रस्त्यांवर चोवीस तासांची मोटारशर्यत व्हायची. शर्यत बंद पडून जमाना झाला. पण संगणकावर शर्यती खेळणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब दरवर्षी ती पुन्हा उभी करायचा. तेच रस्ते, त्याच गाड्या, तेच रंग, तेच नंबर. फक्त घड्याळ पळवायचं. आपल्याकडे सकाळी सुरू झालेली शर्यत दिवेलागणीला संपायची आणि तेवढ्यात पडद्यावर दुपार, रात्र, पहाट, पुन्हा दुपार असं सगळं होऊन जायचं. त्यात यंदा पहिल्यांदाच नागपूरच्या टीमला जागा मिळाली होती. मोनाली, तिच्यासोबत कॉलेजात शिकलेला जरीपटक्याचा पियुष आणि रितिका, जी या तिघांत सगळ्यात वेगवान होती. तिघांनी आपापल्या घरून, आळीपाळीने एकच गाडी चालवायची.

त्यांच्या वाट्याला एकतीस नंबर आला. निळी, बंद टपाची, बुटकी गाडी. मूळ शर्यतीत ती शेवटपर्यंत पोहोचली नव्हती. क्लबच्या शर्यतीतही, इतक्या वर्षांत, कोणाच्याच हातून पोहोचली नव्हती. कधी इंजिन गेलं, कधी नेट तुटलं, आणि एकदा तर चालवणारा माणूस मध्येच उठून गेला, तो परत आलाच नाही.

"म्हणजे आपल्यालेच पोचवा लागते तिले," पियुष म्हणाला होता.

मोनालीला ते वाक्य फार आवडलं होतं.

२

मे महिन्यातला रविवार. आई भिवापूरला मावशीकडे लग्नाला गेलेली, घरात बापलेक दोघंच. सकाळीच ऊन अंगणात उतरलं होतं. आनंदरावांनी स्टिअरिंगला कुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा पोरीच्या तोंडात घातला.

"जिंकायचं पाहू नको. मैदान सोडायचं नाही, बस."

"हाव बाबा."

पहिली पाळी मोनालीची. झेंडा पडला आणि गाड्यांचा लोंढा जंगलातल्या रस्त्याकडे सुटला. ती शांतपणे चालवत राहिली. गर्दीत कोणाला धक्का नाही, कोणाशी ईर्ष्या नाही. एकेक गाडी मागे टाकत ती मधल्या गाड्यांत येऊन बसली. पियुष त्याच्या घरून तिच्या गाडीचे आकडे बघत होता, हेडफोनमधून त्याचा आवाज येत होता.

"मस्त चालू आहे. असंच ठेव." मग जरा वेळाने, "मोनाली, तुह्ये डावे टायर काहून एवढे झिजून राहिले?"

"उजवी वळणं जास्त आहेत ना. डावीकडेच भार येते."

"ते धरूनच सांगून राहिलो. सरावात असं नव्हतं. पेट्रोल पण जास्त खाऊन राहिली गाडी." तो हसला. "जसं काही बाजूले कोणी बसलं आहे."

मोनालीही हसली. गाडीत डावीकडे सीट होतीच. त्या काळच्या नियमाने शर्यतीच्या गाडीलाही दोन सीटा लागायच्या. चालवणारा उजवीकडे, डावीकडची रिकामी. ज्यांनी ही गाडी संगणकावर घडवली त्यांनी तीही सीट इमानदारीने घडवली होती, पट्ट्यासकट. स्टिअरिंगवर डाव्या अंगठ्याशी एक बटन होतं, ते दाबलं की मान डावीकडे वळवल्यासारखी ती सीट पूर्ण दिसायची. सरावात मोनालीने एकदोनदा बघितली होती. काळं चामडं, रिकामं.

पियुषने म्हटल्यावर मात्र तिच्या लक्षात येऊ लागलं. दगडी पुलाच्या आधी एक लांब उजवं वळण होतं. तिथे गाडी नेहमीपेक्षा जरा जास्त कलत होती. दुचाकीवर मागे माणूस बसल्यावर चालवणाऱ्याला कळतं ना, तसं काहीसं. न बघताही कळतं.

पहिल्या मोठ्या शर्यतीची धाकधूक आहे, तिने स्वतःला समजावलं. आणि चालवत राहिली.

३

पियुषच्या पाळीला मोनाली समोरच्या खोलीत दिवाणावर आडवी झाली. आनंदरावांनी कैरीचं पन्हं केलं होतं. तिने क्लबच्या लोकांना निरोप पाठवला की एकतीस नंबरच्या वजनात काही गडबड आहे का बघा. उत्तर लगेच आलं. तपासलं, गाडी बरोबर आहे, बाकी कोणाची तक्रार नाही, तुम्ही छान चालवताय, शुभेच्छा.

"काय म्हणते वं?" आनंदरावांनी विचारलं.

"छान चालवता म्हणते."

"मंग! त्याहिले दिसतेच ना!" आनंदरावांनी लगेच भिवापूरला फोन लावला आणि लग्नाच्या मांडवात बसलेल्या बायकोला ही बातमी मोठ्या आवाजात दिली.

पियुष गाणी म्हणत चालवायचा. त्याची ती जुनीच सवय. हेडफोनवर त्याची हिंदी गाणी ऐकून रितिका वैतागायची. आज त्याने कमाल केली. एकेक गाडी गाठत त्याने एकतीस नंबरला पहिल्या दहांत आणून सोडलं. पाळी संपवून उतरला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

"जबरदस्त चालवली बे!" मोनाली म्हणाली.

"हो ना." त्याने घसा साफ केला. "काहून का माहीत, पण आज एकटं नाही वाटलं मले. एरवी गाणं म्हणतो ते एकटं वाटते म्हणून. आज मी कोणाले तरी ऐकवून राहिलो होतो."

"आम्हालेच ऐकवून राहिला होता तू," रितिका म्हणाली. "चल, सरक. माही पाळी."

सगळे हसले. पियुष जरा उशिरा हसला.

४

बाहेर भर दुपार झाली. प्रताप नगरातल्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या घरांची दारंखिडक्या बंद, नुसते कूलर घरघरत होते. आनंदराव समोरच्या खोलीत घोरत पडले होते. मोनालीने मागच्या खोलीची खिडकी लावून घेतली होती आणि वाळ्याच्या ओल्या वासात बसून ती रितिकाची गाडी स्क्रीनवर बघत होती.

तिथे रात्र होती. इथे ऊन डोक्यावर आणि तिथे काळोख, जंगलातून जाणारा रस्ता आणि दिव्यांच्या झोतात धावत येणारी झाडं. रितिका अंधारात फार सुंदर चालवायची. मोनालीला तिचा नेहमी अभिमान वाटायचा, आणि थोडासा हेवाही.

मग रितिका बोलायची बंद झाली. आधी वाटलं, लक्ष देऊन चालवतेय. पण पुलाआधीच्या वळणावर तिची गाडी एकदा गवतात उतरली. पुढच्या फेरीत पुन्हा. आणि ठरलं नसताना ती गाडी पेट्रोल भरायच्या थांब्यावर घेऊन आली.

"काय झालं? पेट्रोल आहे ना अजून!" पियुष ओरडला.

"मी उतरून राहिले."

"काहून? तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे." रितिकाचा आवाज कोणीतरी बाजूच्या खोलीत झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, असा खाली आलेला. "पियुष, मले नाही जमत. तुम्ही चालवा नाहीतर सोडून द्या."

"रितिका, काय दिसलं तुले?" मोनालीने विचारलं. असं का विचारलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

हेडफोनमधून तिचा पट्टा सुटल्याचा खटका ऐकू आला.

"अंगठा लागला माहा," रितिका म्हणाली. "डावीकडं पाहायच्या बटनाले. तू नको दाबजो ते. बस एवढंच." आणि ती गेली. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका विझला.

५

पियुष चिडला होता. मी चालवतो म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याचाही ठिपका विझला. मोनालीचा फोन वाजला.

"आमच्या इकडची लाइट गेली," पियुष फोनवर सांगत होता. "पूर्ण जरीपटक्याची. ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणते. माह्याच्यानं काहीच होत नाही आता. फोनवर आकडे दिसतील तेवढे सांगत राहतो." मग तो म्हणाला, "सोडून देऊ का, मोनाली? रितिका काही खोटं बोलणारी पोरगी नाही."

मोनालीने समोर बघितलं. एकतीस नंबरची गाडी थांब्यावर उभी होती. दिवे चालू, इंजिन चालू. शर्यतीतल्या बाकी गाड्या बाजूने सुसाट जात होत्या. गाडी कोणाची तरी वाट बघत असावी तशी किंचित हलत होती. इंजिनमुळेच, अर्थात.

तिच्या मनाने पटापट कारणं मांडली. वजनाची गडबड म्हणजे प्रोग्राममधली चूक. रितिका थकलीय, उन्हाने डोकं दुखत असेल. चूक वजनात असेल तर दिसण्यातही असू शकते, दुसऱ्या कुठल्या गाडीतला आकार इकडे आला असेल. सगळं पटण्यासारखं होतं. आणि यातलं काहीच खरं नसलं तरी एक गोष्ट उरत होती. इतक्या वर्षांत ही गाडी सगळ्यांनी मध्येच सोडली होती. नागपूरच्या पोरांनीही सोडली, असं तिला कोणाला म्हणू द्यायचं नव्हतं.

"मी बसते," ती म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला.

बसण्याआधी तिने टॉवेल घेऊन डावीकडच्या स्क्रीनवर टाकला. त्या स्क्रीनवर गाडीच्या डाव्या बाजूच्या डॅशबोर्डचं टोक दिसायचं. सीट दिसायची नाही, पण तेवढंही नको होतं तिला.

ती अंधारात शिरली. भार लगेच जाणवला. सकाळी शंका होती, आता खात्री. आणि आवाज. डाव्या कानात, इंजिनाच्या खालच्या सुरात, चामडं करकरल्यासारखा. माणूस बसल्याजागी जरा सरकून बसतो तसा.

कूलर असेल. कूलरची जाळी सैल झालीय, ती वाजते. पुढच्या सरळ रस्त्यावर तिने हात लांब करून कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली. पाणी ठिबकायचंही थांबलं. घाम कानामागून मानेवर उतरू लागला.

करकर चालूच होती.

तिने हेडफोनचा डावा कान सरकवून मोकळा केला. आता खोलीतली शांतता ऐकू यायला हवी होती. तिला ऐकू आला तो एक श्वास. पुलाआधीच्या वळणाला ती ब्रेक लावायची, त्याच्या किंचित आधी आत ओढलेला. वळण सरलं की सोडलेला.

"मोनाली? आहे ना?" फोनवर पियुष.

"आहे."

"आवाज काहून असा येऊन राहिला तुहा?"

"कसा?"

"हळू. रितिकासारखा."

६

टॉवेल टाकून फार वेळ चालवता येईना. डावी वळणं अंदाजाने घ्यावी लागत होती. एका वळणावर मागून आलेल्या गाडीचा धक्का बसता बसता वाचला. अशाने गाडी पोहोचणार नव्हती. लांब सरळ रस्ता आला तेव्हा मोनालीने दात आवळले आणि टॉवेल ओढून खाली टाकला.

डॅशबोर्डचं काळं टोक दिसलं. दुसरं काहीच नव्हतं. तिला स्वतःचं हसू आलं, हसता हसता रडू यायचं बाकी होतं.

मग पूल जवळ आला, आणि खालून एक हात वर आला.

हातमोजा घातलेला, तळवा पसरलेला. डॅशबोर्डवर तो घट्ट टेकला. बाजूला बसलेला माणूस गाडी वेगात वळताना टेकवतो तसा. मोनालीने कार चालवली की बाबा असाच हात टेकवायचे. वळण सरलं तसा तो हात हळूच खाली गेला.

मोनाली किंचाळली नाही. तिचे हात आपोआप चालवत राहिले. पुढची फेरी. सरळ रस्ता, जंगल, उतार, पूल. हात वर. तळवा टेकलेला, बोटं ताणलेली. पूल गेला, हात खाली.

इतर कुठल्याच वळणाला तो यायचा नाही. याहून अवघड वळणं होती, याहून वेगाची होती. फक्त तिथेच. तिथे काय झालं होतं ते मोनालीला माहीत नव्हतं आणि तिने पुढेही कधी शोधलं नाही.

पडद्यावर उजाडायला लागलं. झाडांमधून पिवळी उन्हं आली. आता हात अधिक स्पष्ट दिसायचा. मोज्याची शिवण अंगठ्याशी उसवलेली होती. उजेडात भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं, ती झाली नाही. भीतीच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. बाजूला बसलेल्या माणसाला आपल्या चालवण्याचा विश्वास नाही, याचा तिला राग आला.

वेड्यासारखंच होतं ते. पण राग खरा होता. जन्मभर तिला गाडी चालवताना बाजूला बसलेल्या पुरुषांचे असे टेकवलेले हात बघावे लागले होते. मामाचे, काकाचे, ऑफिसातल्या साहेबांचे.

"थांबा," ती मोठ्याने म्हणाली. "दाखवते तुम्हाले."

"कोणाले?" पियुषने विचारलं.

ती चालवू लागली. आजवर कधी चालवली नव्हती अशी. पुलाचं वळण ती दर फेरीला थोडं अधिक स्वच्छ घेऊ लागली, ब्रेक थोडा अधिक हलका, स्टिअरिंग एकाच सुरात. गाडी आता कलायची नाही, वाहायची. डाव्या बाजूचं वजन तिने हिशेबात धरलं होतं, मागे घागर घेऊन बसलेल्या बाईला सांभाळत सायकल चालवावी तसं. मध्येच पेट्रोलसाठी थांबली, पुन्हा निघाली. उठली नाही. अंगठा बटनापासून लांब ठेवला. एकदाच तिला वाटलं की दाबावं, बघावं, काय असेल ते असो. पण बाजूचा माणूस आपल्याकडे वळून बघत असेल, या एका विचाराने अंगठा जागच्या जागी गोठला.

हात येत राहिला. पण तळवा आता घट्ट टेकायचा नाही. नुसता ठेवल्यासारखा. मग बोटंच. मग एका फेरीला तो अर्धाच वर आला आणि परत गेला.

"शेवटची फेरी!" पियुष फोनवर ओरडला. "मोनाली, शेवटची! सहाव्या नंबरवर आहे आपण! ऐकून राहिली का? सहाव्या!"

जंगल. उतार. पूल. मोनालीने श्वास रोखला नाही, नेहमीसारखं वळण घेतलं, मनासारखं, अगदी तिला हवं तसं.

हात वर आला नाही.

त्या क्षणी तिच्या छातीत जे भरून आलं ते आनंदरावांनी शिकवलेल्या कुठल्याही पोराला मैदानावर आलं असतं तसंच होतं. फक्त तिला स्पष्ट कळत होतं की ते सगळंच तिचं एकटीचं नव्हतं. त्यातला मोठा वाटा डावीकडून येत होता. फार दिवसांचा, फार जुना, आणि थंड.

७

झेंडा पडला. एकतीस नंबर पोहोचली होती. फोनवर पियुष रडत होता, मध्येच हसत होता, रितिकाला फोन करतो म्हणून त्याने फोन ठेवला. स्क्रीनवर जगभरातल्या लोकांचे अभिनंदनाचे निरोप भराभर चढत होते. मोनालीने गाडी हळू केली आणि शेवटचा संथ फेरा मारायला घेतला.

पुलापाशी तिने गाडी उभी केली. तिने तसं काही ठरवलं नव्हतं. पण करावीशी वाटली खरी. बसमध्ये कोणी घंटी वाजवली की चालक थांबवतो, तितक्या सहज.

चामडं करकरलं. गाडी डावीकडून हलकी झाली, वर आली. टायरांवरच्या भाराचे आकडे दोन्हीकडे सारखे झाले.

उतरला, असं तिच्या मनात आलं. इतकं साधं. उतरला.

आणि तिच्या मागे, खोलीचं ओढून घेतलेलं दार उघडलं. समोरच्या खोलीतली गरम हवा तिच्या ओल्या मानेवर आली. मोनाली वळली नाही. तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं आणि उभ्या असलेल्या गाडीतून समोरचा रिकामा पूल बघत राहिली.

समोरच्या खोलीत दिवाण वाजला. बाबा उठून बसले असावेत.

"अरे! या, या जी," आनंदराव म्हणाले. पाहुण्यांशी बोलायचा त्यांचा ठेवणीतला आवाज. "बसा ना. माहा डोळा लागला होता. तुम्ही आमच्या मोनाच्या टीमचे का?"

शांतता. एखादा माणूस उत्तर देईल एवढी.

"हाव का! मंग झाली का शर्यत?" पुन्हा तेवढीच शांतता. आणि मग आनंदरावांचा आवाज फुटला. "पोचवली? माह्या पोरीनं पोचवली?"

मोनालीने पट्टा सोडला. ती उठली, कारण त्या खोलीत तिचे वडील एकटे होते.

"मी सांगतो तुम्हाले," आनंदराव बोलत होते, "मी इतके पोरं घडवले, पण हिच्यासारखी जिद्द नाही पाहिली. माही पोरगी आहे म्हणून नाही सांगून राहिलो. तुम्ही तं पाहिलंच असन. जवळून पाहिलं असन." मग त्यांनी खाली मान घालून डोळे पुसले असावेत, कारण पुढचं वाक्य ओलं आलं. "हाव जी. हाव. मलेही लय अभिमान आहे."

मोनाली दारात आली. बाहेर दिवेलागण झाली होती, घरात दिवा लावलेला नव्हता. अंगणाकडच्या जाळीच्या दाराला आतून कडी तशीच होती. आनंदराव दिवाणाच्या कडेवर पुढे झुकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहरा आनंदाने उजळलेला. त्यांच्या समोर नायलॉनच्या पट्ट्यांची खुर्ची होती, पाठ मोनालीकडे. त्या खुर्चीत तिला कोणी दिसलं नाही. पण बसायच्या जागी पट्ट्या ताणून खाली गेल्या होत्या.

आनंदरावांनी तिला बघितलं.

"ये बेटा, ये. हे तुह्याचसाठी थांबले," ते म्हणाले, आणि लगेच समोर वळून, हात हलवत, संकोचून हसले. "अजी बसा, बसा ना. ती लहान आहे तुमच्यापेक्षा. तिच्यासाठी उठता कायले?"

खुर्चीच्या पट्ट्या हळूहळू वर आल्या. आनंदरावांची नजर त्यांच्यासोबत वर गेली, आणखी वर, समोरचा माणूस चांगला उंच असावा तशी. मग ती नजर खुर्चीवरून वळली आणि सावकाश मोनालीच्या दिशेने येऊ लागली.